अपुऱ्या दिवसांचे मूल आणि दोन अंशांची ऊब

चांद्याचा उन्हाळा हा महाराष्ट्राच्या भूगोलातील एक स्वतंत्र धडाच मानावा लागेल. मे महिन्यात वर्तमानपत्रांतून गावोगावच्या तापमानाचे आकडे छापून येऊ लागले म्हणजे पहिल्या चारदोन नावांत चंद्रपूर हटकून असते; आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्या जिल्ह्यातून वेगळा काढलेला गडचिरोली जिल्हाही या बाबतीत फारसा मागे नसतो. अशा मुलखात उन्हाने माणूस दगावला तर कोणाला नवल वाटत नाही. परंतु त्याच मुलखात तान्ही मुले थंडीने दगावतात, आणि तीही केवळ पौषातल्या पहाटेच नव्हे, तर ज्या खोलीत मोठ्या माणसाला अंगावर पांघरूण घ्यावेसेही वाटत नाही अशा खोलीत दगावू शकतात, असे सांगितले तर सुशिक्षित मनुष्यही क्षणभर थबकतो. तरीही ते सत्य आहे. विशेष म्हणजे हे सत्य घरोघर जाऊन मोजण्याचे काम ज्या थोड्या ठिकाणी झाले, त्यांत गडचिरोलीची खेडी अग्रभागी आहेत, आणि त्या कामाचे ठाणे धानोरा तालुक्यात आहे.

हे असे का होते? मूल आईच्या उदरात असते तोवर त्याच्या भोवतीची ऊब रात्रंदिवस एकसारखी असते. जन्माच्या क्षणी ते ओल्या अंगाने, उघडे, एकाएकी पंचवीस-सव्वीस अंश सेल्सिअसच्या हवेत येते. मोठ्या माणसाला ही हवा सुखाची वाटते. मुलाला ती बर्फासारखी असते. जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी एक बोलके उदाहरण दिले आहे. तेवीस अंशांच्या खोलीत ओले व उघडे ठेवलेले नवजात मूल ज्या प्रमाणात उष्णता गमावते, त्या प्रमाणात ती गमावण्यासाठी मोठ्या माणसाला शून्य अंशाच्या थंडीत विवस्त्र उभे राहावे लागेल. पहिल्या दहा ते वीस मिनिटांत अशा मुलाचे तापमान दोन ते चार अंशांनी उतरू शकते.

यात गूढ काही नाही. उन्हाळ्यात माठातील पाणी ज्या नियमाने गार होते त्याच नियमाने ओले मूल गार होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, हे शाळेतील भौतिकशास्त्रच आहे. दीड किलो वजनाच्या मुलाच्या अंगावरील अवघे दोन ग्रॅम पाणी, म्हणजे अर्धा चमचाही नव्हे, सुकले आणि त्यासाठी लागणारी उष्णता सारी त्याच्या देहातूनच गेली असे धरले, तर त्याचे तापमान जवळजवळ एका अंशाने उतरते. एखाद्या हुशार विद्यार्थ्याने वहीच्या मागच्या पानावर करून पाहावे असे हे गणित आहे. कोरड्या कापडाने पुसून घेणे ही क्रिया दिसायला क्षुल्लक, पण तिच्यामागे हा हिशेब उभा आहे.

दुसरी अडचण आकाराची. पातेलेभर भात तासभर ऊन राहतो. वाटीत काढलेला भात घास घेईपर्यंत निवतो. दीड किलोच्या मुलाच्या देहाचे पृष्ठफळ, त्याच्या वजनाच्या मानाने, मोठ्या माणसाच्या सुमारे तिप्पट असते. त्यातही डोके मोठे, आणि तेच बहुधा उघडे. पूर्ण दिवसांचे मूल निदान हातपाय पोटाशी घेऊन स्वतःला लहान करून घेते. अपुऱ्या दिवसांचे मूल निजवले तसे हातपाय पसरून पडून राहते, कारण तेवढा जोर त्याच्या स्नायूंत आलेला नसतो. कातडी पातळ, कातडीखालची चरबी नावापुरती. मोठ्या माणसाला थंडी वाजली की तो कुडकुडतो आणि कुडकुडण्याने ऊब निर्माण होते. नवजात मुलाला ही सोय जवळजवळ नाहीच. त्याऐवजी निसर्गाने मानेभोवती, खांद्यांच्या पात्यांमध्ये आणि मूत्रपिंडांच्या आसपास तपकिरी रंगाचा एक विशेष मेद ठेवलेला असतो. तो जळतो आणि मुलाला तापवतो. परंतु हे जळण गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांतच साठत जाते. जे मूल सातव्या-आठव्या महिन्यातच बाहेर आले, त्याची कोठी भरण्यापूर्वीच त्याच्यावर हिवाळा आला, असे म्हणावे लागेल.

मुलाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटच्या भाषेत ९७.७ ते ९९.५, असणे हे निरोगी. ३६ च्या खाली ते गेले की धोका मध्यम, आणि ३२ च्या खाली गेले की गंभीर मानतात. वैद्यकात या अवस्थेला हायपोथर्मिया असे नाव आहे. नाव मोठे असले तरी तिची चाल अगदी मुकी असते. ताप चढलेले मूल रडते, तळमळते, घर जागे करते. थंड पडलेले मूल उलट शांत होते. दूध ओढीत नाही, रडत नाही, हलत नाही. आणि घरातील माणसे म्हणतात, ‘गुणाचं आहे, निजलंय.’ आत मात्र सारे बिघडत असते. देह तापता ठेवण्यासाठी प्राणवायू आणि साखर भराभर खर्च होते, साखर उतरते, अपुऱ्या दिवसांची फुफ्फुसे आधीच कच्ची, ती अधिकच थकतात, रक्तातील आम्लता वाढते, जंतूंशी झगडण्याची ताकद घटते. दूध ओढण्याचा जोर गेला म्हणून दूध नाही, आणि दूध नाही म्हणून ऊब नाही, असा हा फेरा आहे. अमेरिकेतील रुग्णालयांतून गोळा केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या माहितीत, अतिशय कमी वजनाच्या मुलांचे तापमान दाखल होतेवेळी एका अंशाने कमी असेल तर मृत्यूची शक्यता २८ टक्क्यांनी जास्त आढळली. नेपाळच्या तराईतील सर्लाही जिल्ह्यात, म्हणजे जेथे मुले घरीच जन्मत होती तेथे, हाच आकडा ८० टक्के निघाला. अर्थात सारा दोष थंडीचाच असे यावरून म्हणता येणार नाही. आजारी मूलही थंड पडते, आणि थंड पडलेले मूलही आजारी पडते. कोण आधी आणि कोण नंतर हे दर वेळी सांगता येत नाही. परंतु या दोहोंपैकी ऊब देणे तरी माणसाच्या हाती आहे.

आपल्याकडे एक समज फार जुना आहे: सातमाशी मूल जगते, आठमाशी जगत नाही. चांगली शिकलेली माणसेही तो बोलून दाखवतात. वस्तुतः उदरात जितके दिवस अधिक, तितकी जगण्याची शक्यता अधिक. आठमाशी मूल सातमाशीपेक्षा बळकटच असते. समज निरुपद्रवी वाटतो, पण तो नशिबाचा हवाला देऊन हात आखडून घ्यायला शिकवतो. आठमाशी आहे ना, मग गेलेच असते, असे एकदा मनाने घेतले की कोरडे कापड शोधायला कोण धावणार?

रूढींची गोष्टही अशीच आहे, आणि तेथे सरसकट निंदा करून भागणार नाही. ग्रामीण भागात अनेक ठिकाणी वार पडेपर्यंत मूल जमिनीवर तसेच ठेवण्याची चाल होती. सारे लक्ष आईकडे. वार पडली की नाळ कापायची, मग मुलाला न्हाऊ घालायचे, कारण अंगावरचा पांढरा थर ‘घाण’ मानला जाई. तो थर खरे पाहता निसर्गाने दिलेले पहिले पांघरूण आहे. पहिले स्नान निदान एक दिवस पुढे ढकलावे असे आज सांगितले जाते ते याचसाठी. नव्या कापडाऐवजी जुनेर वापरण्याची चाल मात्र वाईट नाही. धुऊन वाळवलेले जुने लुगडे नव्या कापडापेक्षा मऊ आणि पाणी टिपणारे असते. बाळंतिणीच्या खाटेखाली निखारे ठेवण्याच्या पद्धतीतही मूळ कल्पना बरोबर होती, ऊब हवी ही. चूक एवढीच की धुराने मुलाचा श्वास कोंडतो आणि निखाऱ्याची ऊब मोजता येत नाही. थंडीचे भय आपल्या आज्यांना होते. ते भय पहिल्या घटकेला, जेव्हा त्याची सर्वाधिक गरज होती, तेव्हा जागे होत नसे. ते पाचवीनंतर टोपडे-कानटोपीच्या रूपाने येई.

गडचिरोलीच्या कामाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे वैद्य दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले, आणि १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यात काम करू लागले. त्यांच्या ‘सर्च’ या संस्थेचे शोधग्राम धानोरा तालुक्यात, गडचिरोली-धानोरा रस्त्यावरील चातगावाजवळ आहे. १९९५-९६ या वर्षात संस्थेने ३९ गावांत एक काम केले, जे ऐकायला सोपे पण करायला फार कठीण होते: प्रत्येक नवजात मुलाला त्याच्या घरी जाऊन, जन्मापासून अठ्ठावीस दिवसांपर्यंत, वारंवार तपासायचे आणि जे दिसेल ते लिहून ठेवायचे. हे काम डॉक्टरांनी नव्हे, तर त्याच गावांतील थोडे शिकलेल्या स्त्रियांनी केले. त्यांना ‘आरोग्यदूत’ असे नाव होते. वजनाचा काटा, थर्मामीटर, घड्याळ आणि कागद एवढीच त्यांची सामग्री.

७६३ मुलांची ही नोंद जमा झाली तेव्हा जे चित्र उभे राहिले ते अस्वस्थ करणारे होते. बेचाळीस टक्के मुले अडीच किलोंपेक्षा कमी वजनाची. सुमारे दहा टक्के अपुऱ्या दिवसांची. दर शंभरांत सतरा मुलांचे तापमान त्या अठ्ठावीस दिवसांत कधी ना कधी ९५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेलेले. येथे एक तपशील ध्यानात घ्यावा. ९५ फॅरनहाइट म्हणजे ३५ सेल्सिअस. आणि घराघरांतून वापरला जाणारा जुना पाऱ्याचा थर्मामीटर साधारण तेथूनच सुरू होत असे. तो ताप मोजण्यासाठी बनवलेला होता. त्याच्या नळीवर थंडीला जागाच नव्हती! ज्या रोगाला साधनाच्या पट्टीवर जागा नाही, तो रोग लोकांच्या बोलण्यात कोठून येणार? आणि गडचिरोलीची ती व्याख्याही कडकच होती. आज मान्य असलेली ३६.५ ची मर्यादा लावली असती तर सतराचा आकडा कितीतरी फुगला असता. निम्म्याहून अधिक मुलांना त्या महिन्याभरात वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली किती जणांना? शंभरांत तिघांनाही नाही.

पुढच्या वर्षापासून त्याच स्त्रियांच्या हाती उपचार आले. जन्मतःच श्वास न घेणाऱ्या मुलाला श्वास देणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखून जेन्टामायसिनची सुई देणे, आणि लहान, अपुऱ्या दिवसांच्या मुलांना ऊब व दूध मिळेल असे पाहणे. त्यातील सुईवर गाजावाजा आणि वाद दोन्ही झाले. खेड्यातील जेमतेम शिकलेली बाई तान्ह्या मुलाला सुई टोचणार, ही कल्पनाच तेव्हा अनेक डॉक्टरांना असह्य होती. ऊब देण्यावर मात्र कोणी वाद घातला नाही, आणि म्हणूनच कदाचित कोणाचे लक्षही गेले नाही. पुसून कोरडे करणे, डोक्यावर टोपी, अंगात कपडे, ब्लँकेट, फारच लहान मुलासाठी शिवलेली उबदार पिशवी, आईच्या कुशीत निजवणे, पहिल्या तासात स्तनपान, ओढता येत नसेल तर काढलेले दूध वाटी-चमच्याने. या यादीत विजेवर चालणारे काहीही नाही.

‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात १९९९ साली या प्रयोगाचा वृत्तांत आला. १९९३-९५ मध्ये या ३९ गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ मुले पहिल्या महिन्यात दगावत. १९९७-९८ मध्ये ती संख्या २५.५ वर आली. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत ती साठीच्या आसपासच राहिली. पुढे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या लेखांतून अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा हिशेब वेगळा मांडला गेला. १९९५-९६ मध्ये अशा शंभर मुलांतील तेहतीस जात. नंतरच्या वर्षांत सुमारे दहा. कमी वजनाच्या मुलांच्या बाबतीत जे जीव वाचले त्यांतील मोठा वाटा औषधापेक्षा ऊब, दूध आणि देखरेख या साध्या आधाराचा होता, असाही निष्कर्ष निघाला. गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, आणि एका ध्येयवादी संस्थेची करडी देखरेख सर्वत्र मिळणार नाही, हे दोन आक्षेप त्यावर घेतले गेले. ते खोटे नव्हते. म्हणून राज्यात इतर सात ठिकाणी, वेगवेगळ्या संस्थांमार्फत, हीच पद्धत पुन्हा करून पाहण्यात आली. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात मुलांच्या घरभेटींची शिफारस केली आणि २०११ साली भारत सरकारने ‘आशा’ कार्यकर्तीमार्फत ही योजना देशभर लागू केली.

या गोष्टीला पश्चिमेत समांतर असा एक इतिहास आहे, तो थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १८८० च्या सुमारास पॅरिसमध्ये स्तेफान तार्निए या प्रसूतितज्ज्ञाने प्राणिसंग्रहालयातील कोंबडीची अंडी उबवण्याचे यंत्र पाहिले आणि तशीच पेटी मुलांसाठी करवून घेतली. दोन किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांचे मृत्यू तेथे शंभरांत ६६ वरून ३८ वर आले. आपल्याकडे ‘बाळाला काचेच्या पेटीत ठेवलंय’ असे म्हणतात, त्या पेटीचा मूळपुरुष हा. पुढे शंभर वर्षे वैद्यक या पेटीच्या मागे गेले आणि आई काचेबाहेर राहिली. मग १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात, पेट्या कमी आणि मुले फार म्हणून अडलेल्या एका रुग्णालयात, एडगर रे सानाब्रिया यांनी मुलाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून, बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. कांगारूवरून तिला नाव पडले. तेव्हा ती गरिबांची तडजोड समजली गेली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत केलेल्या चाचणीने ती समजूत पुरती मोडली. एक ते १.८ किलोंच्या मुलांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मापासूनच आईच्या छातीशी ठेवले, तर मृत्यू शंभरी १५.७ वरून १२ वर आले. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय या चाचणीत होते. हरियाणात घरीच ही पद्धत सुरू करून दिली तेव्हाही पहिल्या महिन्यातील मृत्यूंत तीस टक्क्यांची घट दिसली. आईचा देह ही पेटीच आहे, आणि ती वीज गेली तरी बंद पडत नाही.

मग आता अडले कोठे? एक मोठा बदल गेल्या वीस वर्षांत झाला आहे. २००५ ची जननी सुरक्षा योजना, २०११ चा जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम, रुग्णवाहिका या साऱ्यामुळे घरातील प्रसूती झपाट्याने कमी झाल्या. महाराष्ट्रातील अर्भकमृत्यूचा दर २०२० च्या नमुना नोंदणीनुसार हजारी १६ वर आला होता, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु त्या १६ पैकी ११ मृत्यू पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील होते. म्हणजे जे उरले आहे ते याच कोवळ्या काळातील आहे. आणि थंडीचा प्रश्न प्रसूतीबरोबर झोपडीतून दवाखान्यात राहायला गेला आहे. पंखा डॉक्टर-परिचारिकांना उकडते म्हणून फिरतो, मुलासाठी बंद होत नाही. वजन करायचे म्हणून मूल उघडे करून गार पत्र्याच्या तागडीत ठेवले जाते. ऊब देणारा दिवा खोलीच्या कोपऱ्यात असतो, पण तो आधी तापवून ठेवायचा असतो हे घाईत राहून जाते. यात कोणाची दुष्टबुद्धी नाही. खोलीचे तापमान तेथे काम करणाऱ्या मोठ्या माणसांच्या अंगाला विचारून ठरवले जाते, एवढेच.

त्यानंतर रस्ता. धानोऱ्याच्या पूर्वेला मुरूमगावापर्यंत आणि पुढे छत्तीसगडच्या सीमेपर्यंत जंगल आहे. दक्षिणेला पेंढरीचा डोंगराळ भाग. तेथील एखाद्या टोल्यावरची बाई बत्तिसाव्या आठवड्यात अडली आणि जवळच्या आरोग्य केंद्रात बाळंत झाली, तर सव्वा-दीड किलोचे मूल धानोऱ्याला आणि तेथून गडचिरोलीला न्यायचे असते. शेवटचा टप्पाच चाळीस किलोमीटरांच्या आतबाहेर. गडचिरोलीत यंत्रे आहेत, तज्ज्ञ आहेत. परंतु रस्त्यावरच्या दीड-दोन तासांत मूल कोणाच्या अंगाशी आहे, यावर बरेच काही ठरून गेलेले असते. बहुधा ते दुपट्यात गुंडाळून आजीच्या मांडीवर असते आणि आई बाजूला आडवी. गुंडाळलेले कापड ऊब राखते, निर्माण करीत नाही. थंड पडलेले मूल गुंडाळले तर ते थंडच राहते. तेच मूल आईच्या, आणि आई त्या स्थितीत नसेल तर बापाच्या किंवा आजीच्या उघड्या छातीशी बांधून वर पांघरूण घेतले, तर गाडीत पेटी नसतानाही पेटी आहे. हे करायला गाडीतील कर्मचाऱ्याला पाच मिनिटे लागतात आणि कोणीतरी त्याला ते एकदा नीट शिकवलेले असावे लागते. बापाने असे मूल छातीशी घ्यावे याचा संकोच वाटतो हे खरे. पण डॉक्टरने किंवा परिचारिकेने स्पष्ट सांगितले की तो संकोच फार वेळ टिकत नाही.

घरी परतल्यावरची गोष्ट अधिक नाजूक आहे. आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचे, मूल घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवशीही, असे वेळापत्रक आहे. २०११ साली या सर्व भेटी मिळून अडीचशे रुपये ठरले, आणि मूळ अटींत असेही होते की बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई व मूल दोघे सुखरूप असले पाहिजेत. अटीमागचा हेतू समजण्याजोगा असला तरी तिचा अर्थ काय होतो? सर्वांत कच्चे मूल, सर्वांत जास्त खेपा, आणि मूल हाती लागले नाही तर बाईच्या हाती पैसाही नाही. तिच्या पिशवीत डिजिटल थर्मामीटर आणि काटा असतो. त्यातील बटणाएवढी बॅटरी संपली तर ती धानोऱ्याच्या बाजारात मिळेल, टोल्यावर मिळणार नाही. मग रकान्यात ‘३६.८’ लिहून भेट पूर्ण होते. गडचिरोलीच्या मूळ प्रयोगाचा प्राण त्या साधनांत नव्हता. लिहिलेले तापमान खरे आहे की नाही हे पाहायला कोणीतरी पंधरवड्याने त्या घरी जात होते, यात तो होता. सरकारी योजनेने साधने उचलली, मानधन ठरवले, नमुने छापले. देखरेख तेवढी पातळ झाली.

ज्या घरी थर्मामीटर नाही तेथे हात आहे. हाताच्या मागच्या बाजूने मुलाचे पोट आणि तळपाय चाचपून पाहावेत. दोन्ही ऊन असतील तर ठीक. पोट ऊन आणि पाय गार, तर मूल थंडीशी झगडते आहे, ताबडतोब छातीशी घ्यावे. दोन्ही गार, तर झगडा हरत आला. छातीशी घेऊनच दवाखाना गाठावा. हे कोणत्याही बाळंतिणीला, सासूला, शाळेतल्या थोरल्या मुलीला शिकवता येते. आठवी-नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात बाष्पीभवनाचा धडा माठापाशी थांबतो. तो ओल्या मुलापर्यंत नेला तर धानोऱ्याच्या आश्रमशाळेतील विद्यार्थिनीला त्याचा उपयोग अवघ्या काही वर्षांत पडणार आहे.

आणि आईचे काय? कांगारू पद्धत दिवसाचे निदान आठ तास, शक्य तर त्याहून पुष्कळ अधिक, करावयाची असते. मूल मोहाच्या दिवसांत जन्मले किंवा तेंदूपत्त्याच्या, तर आठ तास म्हणजे एक मजुरी. पहिल्या अपत्यासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये आहेत, तेही टप्प्याटप्प्याने. अपुऱ्या दिवसांचे मूल पदरी असलेल्या मजूर स्त्रीला सहा आठवड्यांची बुडालेली मजुरी भरून देणारी स्वतंत्र तरतूद झाली, तर तिचा खर्च पेटीतील उपचारांच्या मानाने किरकोळ ठरेल. याची मागणी आजवर जोराने झालेली नाही. कारण छातीशी मूल घेऊन बसलेली बाई कोणाच्याच हिशेबात काम करीत नसते.

पुढचा हिवाळा येईल तेव्हा धानोरा, मुरूमगाव, पेंढरी, रांगी येथल्या प्रसूतिकक्षांच्या भिंतींवर आणखी एक तक्ता लागेल. त्या तक्त्याशेजारी खोलीचे तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर टांगायला फारसा खर्च येत नाही. तो पंचवीसच्या खाली दिसला की पंखा बंद करायचा, खिडकी लावायची, आणि कोरडी, तापवलेली दोन कापडे प्रसूतीआधीच काढून ठेवायची. एक पुसायला, एक पांघरायला.